कॉइलला हात कोणी लावायचा

माझ्या बहिणीला डॉक्टर भर सभेत बहिरं करून दाखवायचे. हे मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि बहुतेकांनी मलाच दुरुस्त केलं आहे. बहिरी ती आधीच होती, त्यांनी उलट तिला ऐकू आणून दिलं, असं म्हणतात. ऐकू आणून दिलं हे खरंच. पण म्हणून काय झालं? ज्याने घरात दिवा लावून दिला, त्याने पाहुणे आले की आत शिरून तो विझवून दाखवावा, असा करार कुठे असतो?

आम्ही बनशंकरीत राहायचो. चार पिढ्या बेंगळूरात काढलेलं घर. आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा सरकारी कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे माणूस होते. इतरांच्या घरात दिनदर्शिका लटकते तशी आमच्या घरात पत्रकं असायची. गादीखाली, पिठाच्या डब्यामागे, देव्हाऱ्याच्या फळीवर. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी लिहिता येत होता, असं आई चिडून म्हणायची.

धाकटी बहीण पाच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. बोलणं तोवर आलेलं होतं, पण स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचं बोलणं झिजत जातं. ‘अक्का’ म्हणून मला हाक मारायची, तिचं नुसतं ‘अक’ झालं. मग ‘अ’. ती आठ वर्षांची झाली त्या सुमाराला कोरमंगलातल्या एका दवाखान्यात कानामागे यंत्र बसवायची नवी शस्त्रक्रिया सुरू झाली होती. पूर्वी ऐकलेलं आहे अशी मुलं त्यांना हवी होती. देणगीदार होते. आमची निवड झाली.

यंत्राचे दोन भाग. एक चकती कानामागे कातडीखाली, कायमची. तिच्यातून निघालेले बारीक तंतू कानाच्या आतल्या शंखात. त्या चकतीत सेल नाही. एकदा आत शिवून टाकल्यावर सेल बदलणार कोण? वीज बाहेरून जायची. बाहेर एक गोल कॉइल, बिस्किटाएवढी, लोहचुंबकाने कातडीवर चिकटलेली. ती कातडीतून पलीकडच्या चकतीला वीजही द्यायची आणि आवाजही पाठवायची. मध्ये तार नाही, भोक नाही, नुसती कातडी. कॉइल केसांवर बसली की बहिणीला जग ऐकू यायचं. उचलली की त्याच क्षणी सगळं बंद. हळूहळू नाही, एकदम.

दवाखान्याला ‘तारेशिवाय’ या गोष्टीचं फार कौतुक होतं. फलकावर कन्नडात आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत तेच. प्रत्यक्षात तारेशिवायचा तेवढा कातडीपुरता भाग सोडला, तर बाकी सगळी तारच होती. बहिणीच्या छातीवर, फ्रॉकच्या आत शिवलेल्या खिशात एक डबी असायची. डबीतून वायर निघून मानेवरून कानापाशी जायची आणि तिथून कॉइलला. ती वायर सारखी तुटायची. पोरगी लगोरी खेळायची, झोपाळ्यावर चढायची, वायर तुटणारच. नवी वायर बाजारात कुठेही मिळत नव्हती. परदेशातून यायची, दवाखान्याकडे यायची, आणि दवाखाना ती आम्हाला द्यायचा. फुकट. विकत घेण्याची आमची ऐपतही नव्हती.

ही फुकट वायर म्हणजेच सगळी गाठ. दवाखान्याचा दर उन्हाळ्यात देणगीदारांसाठी एक कार्यक्रम असायचा. तिथे आमच्या बहिणीने यायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं. “आपण सगळे एका घरातले,” असं डॉक्टर हसून म्हणायचे, आणि वायर कोणाच्या कपाटात आहे हे आम्हाला माहीत होतं.

पहिल्या वर्षी मी पुढच्या रांगेत बसले होते. डॉक्टरांनी बहिणीला मंचावर उभं केलं. मागे एक जण ढोलकी घेऊन. थाप पडली, तिने मागे वळून बघितलं, टाळ्या. मग डॉक्टर माइकमध्ये म्हणाले, “आता बघा,” आणि दोन बोटांनी तिच्या डोक्यावरची कॉइल उचलली. टाचणी काढावी तशी. ढोलकी वाजली. ती समोर बघत उभी. पुन्हा वाजली, जोरात. ती तशीच. लोक कुजबुजले, कोणीतरी ‘अय्यो पापा’, अरेरे बिचारी, असं म्हटलं. मग डॉक्टरांनी कॉइल परत चिकटवली, थाप, ती वळली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

घरी आल्यावर भाकरी खाता खाता ती मला म्हणाली, “अक्का, सगळे तोंडं हलवत होते. आवाज नव्हता.” मग म्हणाली, “तुला कोणी असं बंद करतं का?”

मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

पुढचा उन्हाळा आला. बहीण नऊ वर्षांची. कार्यक्रमाचा निरोप आला तेव्हा ती अंगणातल्या पायरीवर बसून म्हणाली, “बेडा.” नको. कन्नडातलं ‘बेडा’ मराठी ‘नको’पेक्षा आखूड आणि टणक वाटतं, म्हणून असेल, आमच्या घरात खरं नकोसं असलं की सगळे ‘बेडा’च म्हणत.

“जायचं तर आहे,” आई म्हणाली. “वायर कोण देणार?”

“जाऊ. पण काढायची नाही.”

“एक मिनिटच काढतात गं.”

“मला विचारत नाहीत.”

झालं, मी कागद घेतला. घरात जन्मभर बघितलेलं तेच केलं. मथळा लिहिला: ‘मुलांचे कान हे देणगीदारांच्या करमणुकीचे साधन नव्हे!’ खाली चार परिच्छेद. सभागृहाच्या दारात उभं राहून वाटायचं ठरवलं. अण्णा कामावरून आले, खुर्चीत बसून पत्रक वाचलं. मला वाटलं आता पाठ थोपटतील.

“मथळा लांब आहे,” ते म्हणाले. “गेटवर माणूस चालता चालता वाचतो. तीन शब्द पुरे.”

“मग करू का कमी?”

“कमी कर, जास्त कर. पण हे वाटायचं नाही.” आणि कागद घडी करून खिशात टाकला.

“का? साहेबाविरुद्ध तुम्ही आयुष्यभर काढलीत ना पत्रकं?”

“साहेब काय कापणार होता? पगार. पगार कापला तर उपाशी राहता येतं चार दिवस. हा माणूस वायर कापेल. मग तुझ्या तत्त्वावर तिला काय ऐकू येणार आहे, सांग?”

“म्हणजे घाबरलात.”

“हो,” अण्णा म्हणाले. “चहा कर.”

ज्या माणसाने मला घाबरू नये असं शिकवलं, तोच इतक्या सहज हो म्हणाला, याने मी आणखी पेटले. पण चहा केला.

आईचं दुःख वेगळंच होतं. पहिल्या वर्षी बहिणीचे एका बाजूचे केस शस्त्रक्रियेसाठी भादरलेले होते आणि तसाच फोटो वर्तमानपत्रात आला होता, वायर, डबी, सगळं दिसत असलेला. तो बघून आमच्या नात्यातली एक बाई म्हणाली होती, “रेडिओ दुरुस्तीला आणल्यासारखी दिसते गं पोर.” आईने ते मनात ठेवलं होतं. आता केस वाढले होते. कार्यक्रम आहेच, तर माझी पोर देखणी दिसली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

म्हणून मोग्गिन जडे. बेंगळूरात उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या स्वस्त झाल्या की घरोघरी मुलींच्या वेण्यांवर कळ्यांची अशी जाड झूल शिवतात, आणि स्टुडिओत जाऊन पाठीमागे आरसा ठेवून फोटो काढतात. शेजारच्या कन्नड आंटी त्यात पटाईत. सकाळपासून दोघी बसल्या. केळीच्या सोपटावर कळ्या शिवायच्या आणि ते सोपट वेणीला शिवून टाकायचं. बहीण मांडी घालून बसलेली, मान खाली.

“हलू नकोस गं,” आंटी म्हणत होत्या. “लग्नाच्या दिवशी असं हललीस तर नवरा पळून जाईल.”

“जाऊ दे,” बहीण म्हणाली.

“अय्यो, ऐकू येतंय हिला सगळं!”

वर आईने आपल्या लग्नातली राखडी लावली. पितळेची, सोन्याचं पाणी दिलेली, चांगली तळहाताएवढी. ती डोक्याच्या मध्ये लावतात. आईने ती मुद्दाम कानाच्या बाजूला सरकवून कॉइलच्या बरोबर वर बसवली आणि दोऱ्याने घट्ट शिवली. कॉइल दिसेनाशी झाली. वायर वेणीत गेली. आईने मागे सरून बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

कॉइलपाशी धातू नको हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भिजवू नका, पाडू नका, तेल लावू नका, घरात दोन भाषा बोलू नका, एवढं सगळं सांगितलं होतं. राखडीबद्दल कोण सांगणार? ज्यांनी ते यंत्र केलं त्यांच्या मुली राखडी घालत नसाव्यात.

घरात सगळं ठीक होतं, कारण राखडीखाली कळ्यांचा जाड थर होता. रिक्षात बहिणीने डोकं मागे टेकलं, रस्त्यातल्या खड्ड्यांनी थर दबत गेला, राखडी कॉइलला भिडली. कॉइलची वीज कातडीपलीकडे जाण्याऐवजी त्या पितळेतच जिरायला लागली. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बहीण खिशातल्या डबीवर चापट्या मारते आहे.

“जातंय,” ती म्हणाली. “येतंय. जातंय.”

“वायर तुटली!” आईचा चेहरा पांढरा पडला. “आजच तुटायची होती?”

सभागृहात पोचेपर्यंत काहीच येत नव्हतं. बहीण माझ्या ओठांकडे बघायला लागली होती. मी दवाखान्यातल्या बाईंना, मुलांना बोलायला शिकवायच्या त्या, गाठून सांगितलं की मशीन बंद आहे, हिला मंचावर नेऊ नका. त्यांनी डबीतले सेल बदलले, दिवा लागला, आणि म्हणाल्या, “चालू आहे. पोरं नाटकं करतात. कार्यक्रम झाल्यावर बघू.”

मग मंच. डॉक्टर, प्रमुख पाहुणे, मागे ढोलकीवाला. ढोलकी वाजली. बहीण समोर बघत उभी. मोगऱ्याचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता.

“लाजली,” डॉक्टर माइकमध्ये म्हणाले. पुन्हा ढोलकी. काही नाही. ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, “केळिस्ता, पुट्टी?” ऐकू आलं का गं बाळे. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि खरं तेच केलं: मान नाही अशी हलवली.

सभागृहात हशा पिकला. तिला ऐकू आलं नसतं तर तिने उत्तर कसं दिलं असतं, असं लोकांना वाटलं. ओठ वाचून दिलं, एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

“यंत्र अगदी बरोबर आहे,” डॉक्टर हसत म्हणाले. “मूल हट्टी आहे. आणि आया लाडावतात.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. यंत्र बरोबर आणि मूल हट्टी. ते यंत्र त्या मुलीच्या डोक्यात होतं, ते बंद आहे हे सांगू शकणारी त्या सभागृहात ती एकटी होती, आणि तिचीच साक्ष धरायची नाही!

मग त्यांनी कॉइल नीट बसवायला नेहमीप्रमाणे दोन बोटं पुढे केली. कॉइल सापडेना. राखडी ओढली, ती शिवलेली. जोर लावला. सोपट तडकलं, कळ्या मंचावर सांडल्या, केस ओढले गेले, आणि बहीण किंचाळली. “मुट्टबेडी!” हात लावू नका. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो केवढा निघाला याचा तिला अंदाज नव्हता. पंख्यांचा आवाजही बंद झाल्यासारखा वाटला.

मी उठले. पण मी पायऱ्या चढेपर्यंत आई वर पोचली होती. जिने दवाखान्याचा एकही नियम मोडला नव्हता, जी डॉक्टरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसायची, ती आई. ती मंचावर सरळ खाली बसली, बहिणीला मांडीत घेतलं, आणि शिवण उसवायला लागली. कात्री नव्हती. दाताने दोरा तोडत होती.

“अम्मा, कार्यक्रमाला उशीर होतोय,” डॉक्टर म्हणाले.

“स्वल्प थांबा,” आई म्हणाली. तोंडात दोरा होता.

थांबले. काय करणार? प्रमुख पाहुणे मांडीवर हात ठेवून बसले होते. ढोलकीवाला ढोलकी कुठे ठेवावी ते न कळून तशीच धरून उभा होता. सकाळभर शिवलेलं उसवायला वेळ लागतो. आई टाका टाका काढत होती, कळ्या पडत होत्या, पाचशे माणसांसमोर असल्यासारखी नव्हे, आमच्या पडवीत असल्यासारखी. शेवटी राखडी सुटली. खाली कॉइल तिरकी झालेली. आईने ती उचलून बहिणीच्या हातावर ठेवली. बहिणीने स्वतःच ती केसांत चाचपत जागेवर लावली.

“आली?” आईने विचारलं.

“आली.”

तेवढ्यात ढोलकीवाल्याचा हात घसरला की काय, हलकी थाप पडली. बहीण दचकून वळली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! यांना काहीही दाखवा, हे टाळ्याच वाजवणार.

डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. “बघितलंत? आता एकदाच काढून दाखवू, म्हणजे फरक कळेल.”

“बेडा,” बहीण म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“एकच मिनिट, पुट्टी.”

“ती नको म्हणतेय,” मी म्हटलं. “तुमचा चष्मा काढून आम्ही तुम्हाला फलक वाचायला लावला तर चालेल? एकच मिनिट.”

“ही कोण?” डॉक्टरांनी बाईंना विचारलं. मला नाही.

मी पुढे काय काय बोलणार होते ते पाठ होतं. वेळ आली नाही. अण्णा कामावरून परस्पर येऊन सभागृहाच्या मागच्या टोकाला उभे होते, तिथून त्यांचा आवाज आला. कारखान्याच्या गेटवर माइकशिवाय हजार माणसांना पोचणारा तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, पण घरच्या कामासाठी त्यांनी तो कधी वापरला नव्हता. “बाळ, खाली ये. घरी जाऊ.”

बहिणीने ऐकलं. एवढ्या लांबून. ती मंचाच्या पायऱ्या उतरून सरळ त्यांच्याकडे चालत गेली. आईने राखडी कमरेला खोचली आणि आम्ही निघालो.

त्याची शिक्षा मिळाली नाही असं कोणी समजू नये. पावसाळ्यात वायर तुटली. दवाखान्यात गेलो तर बाई म्हणाल्या, माल आलेला नाही. पुन्हा गेलो, आलेला नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाला नवी वायर मिळाल्याचं त्याच्या आईनेच आम्हाला सांगितलं. बहीण शाळेत पहिल्या बाकावर बसायला लागली, बाईंच्या ओठांसमोर. बाई फळ्याकडे वळल्या की तिचा धडा संपायचा. मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून विशेष शाळेबद्दल सुचवलं. घरात तिच्या ‘अक्का’चं पुन्हा ‘अक’ व्हायला लागलं होतं. मी अण्णांना म्हटलं, आता तरी छापू.

“नाही,” ते म्हणाले. “आता बसायचं.”

सुट्टीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बहिणीला घेऊन दवाखान्यात जायचे आणि स्वागतकक्षातल्या बाकावर बसायचे. काही मागायचे नाहीत. “घोषणा दिल्या की हाकलता येतं,” त्यांनी मला समजावलं. “नुसत्या बसलेल्या माणसाला काय करणार? त्याला पाणी विचारावं लागतं.” बाकावर इतर रुग्ण असायचे, नवे पालक यायचे, विचारायचे, तुमच्या मुलीचं यंत्र कसं चालतंय? अण्णा खरं ते सांगायचे. सभ्यपणे, खालच्या आवाजात, सगळ्यांना.

दसऱ्याच्या आधी एकदा मीही बरोबर होते. डॉक्टर आतून स्वतः बाहेर आले. हातात नवी वायर, तिला जोडलेली नवी कॉइल. “आला माल,” ते अण्णांकडे न बघता म्हणाले. मी क्षमेची वाट बघत होते. वेडी आशा. क्षमा नाही, खुलासा नाही.

बहीण बाकावरून उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे गेला. तिने मान मागे घेतली नाही, फक्त वर त्यांच्याकडे बघितलं. हात मध्येच थांबला. मग त्यांनी तो खाली आणून तळवा उघडला. कॉइल त्यावर.

तिने लगेच घेतली नाही. डॉक्टर तळवा पुढे करून उभे होते, स्वागतकक्षातली माणसं बघत होती, आणि ती त्यांना उभं ठेवून आधी खिशातली डबी बाहेर काढत बसली, तिचं झाकण नीट लागलं आहे का बघत बसली. मग कॉइल उचलली, फ्रॉकला पुसली आणि केस बाजूला सारून स्वतः लावली.